कळवळा आटू नये म्हणून : नाशिकमधील सहा रविवारांच्या एका कार्यशाळेविषयी

गंगापूर रस्त्याने सोमेश्वरकडे जाताना लागणाऱ्या एका जुन्या बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर, दुपारी तीन ते साडेपाच या वेळात, सलग सहा रविवार भरणाऱ्या एका कार्यशाळेला मी नुकतीच जाऊन आले. परिचारिका, आशा कार्यकर्त्या, रुग्णवाहिकेवरील डॉक्टर, समुपदेशक, विशेष मुलांचे शिक्षक, वृद्धाश्रमातील काळजीवाहक अशा, दुसऱ्याचे दुःख पाहणे हाच ज्यांच्या नोकरीचा भाग आहे त्यांच्यासाठी ती घेतली जाते. एक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि एक निवृत्त मेट्रन (रुग्णालयातील मुख्य परिचारिका) अशा दोघी मिळून ती चालवतात. एका तुकडीत बाराच जण घेतले जातात आणि सहा सत्रांचे मिळून ३,६०० रुपये शुल्क आहे. केंद्राचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही. गटात कोण आले आणि काय बोलले हे बाहेर जाऊ नये, हा तिथला पहिला नियम आहे. आमच्या क्षेत्रात नाशिक अजूनही इतके लहान आहे की केंद्राचे आणि तुकडीचे नाव कळले तर माणसे ओळखू येतील. ज्यांना खरोखर जायचे आहे त्यांना आपल्या रुग्णालयातील समाजसेवा विभागात किंवा ओळखीच्या समुपदेशकाकडे चौकशी केल्यास पत्ता मिळेल.

मी सतरा वर्षे परिचारिका म्हणून काम करते आणि त्यातील शेवटची नऊ वर्षे अतिदक्षता विभागात आहे. कार्यशाळेला जाण्याचे कारण सांगितल्याशिवाय हे परीक्षण प्रामाणिक होणार नाही, म्हणून ते सांगते. मागच्या हिवाळ्यात एका रात्रपाळीत पहाटे चारच्या सुमारास आमच्याकडील एक रुग्ण दगावला. त्याची पत्नी बाहेरच्या बाकावर बसून होती. डॉक्टरांनी तिला सांगितल्यावर ती आत आली, माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘सिस्टर, आता मी काय करू?’ आणि मी तिला बिलिंगचा काउंटर तळमजल्यावर कोणत्या बाजूला आहे ते सांगितले. माझा स्वर उद्धट नव्हता, माहितीही बरोबर होती, आणि ती बाई निमूटपणे जिना उतरून गेली. सकाळी पुढच्या पाळीला रुग्णांचा हँडओव्हर देऊन पार्किंगमध्ये आल्यावर मला तिचा प्रश्न पुन्हा ऐकू आला, आणि आपण तिला नेमके काय उत्तर दिले ते तेव्हा पहिल्यांदा समजले. रडू यायला हवे होते, ते आले नाही. गाडीला किल्ली न लावता मी वीस मिनिटे तशीच बसून राहिले. त्यानंतर लक्ष ठेवू लागले तेव्हा दिसले की गेले कित्येक महिने मी रुग्णांना नावाने हाक मारणे सोडले होते, सगळे ‘सात नंबर’ आणि ‘नऊ नंबर’ झाले होते, आणि घरी मुलीला साधा ताप आला तरी माझी पहिली प्रतिक्रिया चिडण्याची होत होती.

पहिल्या सत्रात या अवस्थेला नावे मिळाली, आणि माझ्यासारख्या, सतरा वर्षांत कुणालाही हे न सांगितलेल्या माणसाला त्याचाच मोठा आधार वाटला. ‘बर्नआउट’ हा शब्द या अर्थाने प्रथम चर्चेत आणला तो हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने, १९७४ मध्ये, न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांची आणि स्वतःचीही दमछाक पाहून. पुढे क्रिस्टिना मास्लाख यांनी त्याचे तीन पदर वेगळे करून दाखवले. पहिला पदर भावनिक शक्ती संपून जाण्याचा. दुसऱ्यात समोरच्या माणसाकडे वस्तूसारखे पाहिले जाऊ लागते. तिसऱ्यात आपल्या कामाचा काही उपयोग होतो हा विश्वासच उरत नाही. ‘कम्पॅशन फटीग’ हा शब्द मात्र परिचर्येच्या क्षेत्रातूनच पुढे आला. १९९२ मध्ये कार्ला जॉइनसन यांनी आपत्कालीन विभागातील परिचारिकांविषयी लिहिताना तो वापरला आणि नंतर चार्ल्स फिगली यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. दोन्हींत फरक आहे, आणि तो मेट्रन मॅडमनी फार नेमकेपणाने सांगितला. बर्नआउट कामाच्या ओझ्याने आणि कामाच्या रीतीने हळूहळू चढत जातो, तो बँकेतल्या कारकुनालाही होऊ शकतो. कम्पॅशन फटीग मात्र दुसऱ्याची वेदना रोज जवळून पाहिल्याने येते, कधीकधी एका रात्रीतही येते, आणि त्यात जे दुःख आपले नाही त्याचीच चित्रे आपल्या झोपेत येऊ लागतात.

या सत्रात तीस प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतात. ती ‘प्रोक्वॉल’ नावाने जगभर वापरली जाते, मोफत उपलब्ध आहे आणि गेल्या तीस दिवसांविषयी विचारते. सेवेतून मिळणारे समाधान, बर्नआउट आणि दुसऱ्याच्या आघाताचा आपल्यावर झालेला परिणाम, असे तीन वेगळे आकडे त्यातून निघतात. प्रत्येकी दहा ते पन्नासच्या दरम्यान गुण येतात. बावीसपर्यंत कमी, तेवीस ते एकेचाळीस मध्यम आणि बेचाळीसपासून पुढे जास्त असे ते मोजतात. माझे आकडे अनुक्रमे ३४, ३३ आणि २९ आले. हे निदान नव्हे, आपण कुठे उभे आहोत ते दाखवणारी खूण आहे, असे मानसशास्त्रज्ञ ताईंनी तीनदा तरी बजावले आणि ते आवश्यकच होते, कारण आमच्यापैकी प्रत्येकाला आकडा दिसला की तो रिपोर्टसारखा वाचायची सवय आहे. तक्रार आहे ती मराठी रूपांतराची. केंद्रानेच केलेल्या त्या रूपांतरात काही वाक्ये अशी होती की मूळ इंग्रजी काय असेल याचा अंदाज बांधूनच उत्तर द्यावे लागले. ‘कम्पॅशन फटीग’साठी ‘करुणा-थकवा’ हा त्यांचा शब्द मला शेवटपर्यंत परका वाटला. आमच्या आजीच्या तोंडी ‘माया आटली’ असा शब्दप्रयोग होता. विहिरीचे पाणी आटते तसा कळवळा आटतो, आणि उपसा थांबवून झऱ्यांना वेळ दिला तर तो पुन्हा भरतो, हे त्या एका क्रियापदात आपोआप येते. दुसऱ्या सत्रात मी हे बोलून दाखवले तेव्हा ताईंनी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि पुढे सहाव्या रविवारपर्यंत तोच वापरला. चालकांमधला हा मोकळेपणा मला सर्वांत जास्त आवडला.

दुसरे सत्र या कार्यशाळेचा कणा आहे आणि केवळ त्या अडीच तासांसाठीही मी पूर्ण शुल्क आनंदाने दिले असते. चांगली परिचारिका म्हणजे रुग्णाचे दुःख स्वतःचे मानणारी, असे आम्हाला प्रशिक्षणापासून ऐकवले जाते. तानिया झिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांच्या संशोधकगटाने केलेल्या एका अभ्यासाच्या आधारे ताईंनी ही समजूत आमच्यासमोर उलगडली. त्या अभ्यासात लोकांना दुःखी माणसांची चित्रफीत दाखवण्यात आली. आधी त्यांना समोरच्याची वेदना स्वतःत अनुभवण्याचे शिक्षण दिले गेले, तेव्हा त्यांची अस्वस्थता वाढली. त्यानंतर त्याच लोकांना समोरच्याचे भले व्हावे अशी आस्था मनात धरण्याचे शिक्षण दिले गेले, तेव्हा चित्रफीत तितकीच दुःखद असूनही त्यांची अस्वस्थता कमी झाली आणि मनात ऊब व बळ वाटू लागले. मेंदूच्या तपासणीतही दोन्ही वेळी वेगवेगळी जाळी सक्रिय झालेली दिसली. याचा अर्थ असा की माणसाला थकवते ते समोरच्याचे दुःख स्वतःच्या अंगावर ओढून घेणे. त्याच्या भल्याची इच्छा धरण्यात मात्र थकवा नाही. हे ऐकल्यावर गटात बराच वेळ कुणी बोलले नाही. रुग्णवाहिकेवर काम करणारे एक डॉक्टर शेवटी म्हणाले की, इतकी वर्षे आपण कोरडे पडलो म्हणून स्वतःला दोष देत होतो, आणि खरे तर आपण ओले होण्याची चुकीची रीत शिकलो होतो.

त्याच सत्रात ताईंनी बौद्ध परंपरेतील चार ब्रह्मविहार सांगितले: मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा. मुंबई महामार्गावरून जाता-येता त्रिरश्मी लेणी मी हजार वेळा पाहिली असतील, आणि इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात जाऊन आलेले सहकारीही मला ठाऊक आहेत, पण चौथ्या शब्दाचा मूळ अर्थ मी कधी मनावर घेतला नव्हता. आजच्या मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड. मूळ संकल्पनेत तिचा अर्थ समचित्त राहणे असा आहे, म्हणजे समोरच्याविषयी पूर्ण आस्था ठेवून, त्याचे सुखदुःख आपल्या मुठीत नाही हे जाणणे. मी त्या पहाटे जे केले ती आजच्या अर्थाने उपेक्षा होती, आणि मला जी शिकायची आहे ती जुन्या अर्थाची आहे. एकाच शब्दाच्या दोन अर्थांमध्ये माझी सतरा वर्षे उभी आहेत असे मला त्या दिवशी वाटले, आणि घरी जाताना बापू पुलावर गाडी थांबवून मी गोदावरीच्या पाण्याकडे थोडा वेळ पाहत राहिले.

तिसऱ्या सत्रात रोजच्या कामात बसतील असे लहान सराव आहेत. त्यांतील बरेच सर्वांना ठाऊक असलेले श्वासाचे प्रकार आहेत, त्यांविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. एक सराव मात्र मी आजही रोज करते. मेट्रन मॅडमचे म्हणणे असे की परिचारिकेला ध्यानासाठी वेगळा वेळ काढायला सांगणे निरर्थक आहे, जो वेळ आधीच तिच्या हातात आहे तोच वापरला पाहिजे. साबणाने हात नीट धुण्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे चाळीस ते साठ सेकंद लागतात आणि पाळी संपताना आम्ही ते धुतोच. त्या मिनिटभरात त्या दिवशी मनाला सर्वांत जास्त लागलेल्या एका रुग्णाचे नाव मनात घ्यायचे, बेड नंबर नाही, नाव. त्याच्यासाठी आपण केलेली एक गोष्ट आठवायची. आणि आता तो पुढच्या पाळीच्या सिस्टरच्या हातात सुखरूप आहे असे मनात म्हणायचे. वहीतला हँडओव्हर आपण काटेकोरपणे देतो, मनातला कधीच देत नाही, हे मॅडमचे वाक्य मी वॉर्डात सगळ्यांना सांगितले आहे. पहिले दहा-बारा दिवस मला ते यांत्रिक वाटले. मग एके दिवशी नाव आठवण्यासाठी मला फाइल पाहावी लागली, आणि दुसऱ्या दिवसापासून मी पाळीच्या सुरुवातीलाच नावे पाठ करू लागले.

चौथे सत्र निराश करणारे होते आणि ते सौम्य शब्दांत सांगून उपयोग नाही. झोप, आहार आणि व्यायाम या विषयांवर बाहेरून एक वक्ते बोलावले होते. त्यांनी रात्री दहाला झोपावे, सकाळी उन्हात चालावे, दुपारचे जेवण एकला घ्यावे असे सांगितले. समोर बसलेल्या बारांपैकी सात जण फिरत्या पाळीत काम करणारे होते. रात्रपाळीनंतर सकाळी घरी जाताना डोळ्यांवर थेट ऊन येऊ न देणे, झोपायची खोली अंधारी करणे, दिवसा सलग झोप मिळावी म्हणून घरच्यांशी काय ठरवावे, लागोपाठच्या नाइट संपल्यावर झोपेची वेळ पुन्हा कशी सरकवावी, हे आमचे खरे प्रश्न होते, आणि त्यांवर एक शब्दही आला नाही. हे सत्र मेट्रन मॅडमनी स्वतः घेतले तर ते दुसऱ्या सत्राच्या तोडीचे होईल याची मला खात्री आहे. मी तसे अभिप्रायाच्या कागदावर लिहूनही दिले आहे.

पाचव्या सत्राचा विषय कामाची जागा हा होता आणि त्याला केवळ चाळीस मिनिटे मिळाली, कारण आधीचा वेळ ‘नाही म्हणायला शिका’ या विषयावरील संवादखेळात गेला. माझ्या मते ही या कार्यशाळेची सर्वांत मोठी उणीव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटचा समावेश केला तो आजार म्हणून केलेला नाही. कामाशी निगडित घटना म्हणून तो नोंदवला आहे आणि कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ चाललेल्या व नीट न हाताळलेल्या ताणाचा तो परिणाम आहे असे म्हटले आहे. तो ताण कुणी हाताळायचा होता, हा प्रश्न त्या व्याख्येतूनच उभा राहतो. मास्लाख आणि मायकेल लायटर यांनी ज्या सहा बाबींमध्ये माणूस आणि काम यांचे जमत नाही तेव्हा बर्नआउट होतो असे दाखवले, त्या अशा: कामाचे ओझे, कामावरचा आपला ताबा, मिळणारा मोबदला व दाद, सहकाऱ्यांशी नाते, न्याय्य वागणूक आणि मूल्ये. या सहांपैकी एकही बाब एकटी परिचारिका श्वासाच्या सरावाने बदलू शकत नाही. ड्युटी लिस्ट महिनाभर आधी मिळण्याऐवजी आदल्या संध्याकाळी हातात पडते, डबल ड्युटीनंतरचा ऑफ रद्द होतो, एका सिस्टरकडे दोनऐवजी चार व्हेंटिलेटरवरचे रुग्ण येतात, आणि त्यानंतर तिला सांगितले जाते की तू स्वतःची काळजी घ्यायला शिक. आमच्या गटातील एका आशाताईंनी सांगितले की त्यांना रात्री बाळंतपणासाठी कुणासोबत रुग्णालयात जावे लागते, आणि सकाळी पुन्हा घरभेटींची यादी तशीच वाट पाहत असते. त्यांनी ‘नाही’ कुणाला म्हणायचे? ताई आणि मॅडम दोघींनाही हे पूर्ण मान्य आहे, त्यांनी ते स्पष्ट शब्दांत मांडलेही. पण मान्य असलेल्या गोष्टीला अडीच तास मिळायला हवेत. आपल्या रुग्णालयात जाऊन प्रशासनापुढे कोणत्या मागण्या कशा मांडाव्यात, नवीन सिस्टरवर सलग मृत्यूंचे प्रसंग येऊ नयेत म्हणून कामाची वाटणी कशी करावी, रुग्ण दगावल्यानंतर पाच मिनिटे तरी त्या पाळीतील सगळ्यांनी एकत्र थांबण्याची प्रथा कशी पाडावी, हे शिकवले गेले तर कार्यशाळेचा उपयोग बारा माणसांपुरता राहणार नाही.

या ठिकाणी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतील २०२१ च्या एप्रिलचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. नाशिकच्या आरोग्यसेवेत तेव्हा असलेल्या कुणालाही तो महिना समजावून सांगावा लागत नाही. २१ एप्रिलला शहरातील एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाल्याची बातमी आली तेव्हा मी दुसऱ्या रुग्णालयात ड्युटीवर होते आणि आमच्यापैकी प्रत्येकीने आधी आपल्या वॉर्डातील ऑक्सिजनच्या दाबाकडे पाहिले होते. लाट ओसरली, सत्कार झाले, शाली मिळाल्या, पण त्या महिन्याविषयी एकत्र बसून बोलण्याची संधी आम्हाला कुणी दिली नाही आणि आम्हीही ती मागितली नाही. आता २०२७ च्या सिंहस्थाची तयारी सुरू आहे. रस्ते, घाट आणि खाटांचा हिशेब होतो आहे, त्यात ड्युटीवर असणाऱ्या माणसांच्या मनाचाही हिशेब धरला जावा, एवढे मी येथे नोंदवते.

सहावे सत्र पुन्हा उंचीवर गेले. बॉस्टनमधील केनेथ श्वार्ट्झ नावाच्या वकिलाला फुप्फुसाचा कर्करोग झाला, त्या काळात काळजी घेणाऱ्यांच्या आपुलकीचे मोल त्यांना जाणवले आणि १९९५ मध्ये निधन होण्यापूर्वी त्यांनी त्या कामासाठी एक संस्था उभी केली. त्या संस्थेने रुढ केलेल्या ‘श्वार्ट्झ राउंड्स’मध्ये डॉक्टर, परिचारिका, कार्यालयीन कर्मचारी असे सगळे एकत्र बसतात आणि एखाद्या रुग्णाविषयी बोलतात, पण उपचार कसे झाले याविषयी नव्हे, त्या वेळी आपल्याला काय वाटले याविषयी. आम्ही त्या धर्तीवर दोन तास बसलो. मी त्या पहाटेची गोष्ट सांगितली. कुणीही सल्ला दिला नाही, कुणी ‘होते असे’ म्हणून सावरले नाही, आणि शेजारी बसलेल्या वृद्धाश्रमातील मावशींनी माझा हात धरून ठेवला. रडू आले ते तेव्हा.

जागेविषयी थोडे सांगायला हवे. खोली हवेशीर आणि शांत आहे, मध्यंतरात गवती चहाचा आणि भाजक्या शेंगदाण्यांचा सरंजाम असतो. जिना अरुंद आहे आणि लिफ्ट नाही, त्यामुळे गुडघेदुखीने त्रासलेल्यांनी आधी विचारून घ्यावे. शहर बस पाच मिनिटांच्या अंतरावर थांबते. एखादा रविवार ड्युटीमुळे चुकला तर पुढच्या तुकडीत ते सत्र विनाशुल्क करता येते. आशा कार्यकर्त्यांना आणि प्रशिक्षणार्थींना निम्मे शुल्क आहे. सत्रांनंतर महिन्यातून एकदा जुन्या तुकड्यांची बैठक होते, तिचे पैसे घेत नाहीत. माझ्या अनुभवाने सत्रांइतकेच मोल त्या बैठकीचे आहे, कारण सराव सुटतो तो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आणि तेव्हाच ती बैठक येते. दोन महिन्यांनी मी तीच प्रश्नावली पुन्हा भरली तेव्हा आकडे ३८, २९ आणि २४ आले.

ही कार्यशाळा उपचार नाही, हे चालक स्वतःच पहिल्या दिवशी सांगतात. ज्यांना आठवडेच्या आठवडे झोप येत नाही, जगणे नकोसे वाटते, किंवा दारू व गोळ्यांशिवाय दिवस पार पडत नाही त्यांनी सहा रविवारांची वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य आणि मराठीत बोलता येते. आमच्या तुकडीतील एका व्यक्तीला पहिल्याच सत्रानंतर ताईंनी बाजूला घेऊन असा मार्ग दाखवला आणि पुढे पाठपुरावाही केला. नव्याने नोकरीला लागलेल्यांनी थकण्याची वाट न पाहता पहिल्या दोन वर्षांतच यावे असे मी सुचवीन.

एक गोष्ट मात्र बदलायला हवी. रुग्णालयातील सफाई करणाऱ्या मावशी, स्ट्रेचर ओढणारे मामा, शवागारातील कर्मचारी यांपैकी आमच्या तुकडीत कुणीही नव्हते, आणि मृतदेहाला शेवटची आंघोळ घालणारे, त्याला गुंडाळणारे हात त्यांचेच असतात. निम्मे शुल्कही त्यांना परवडणारे नाही आणि रविवारची दुपार त्यांना मिळत नाही. मी हे मासिक बैठकीत मांडले तेव्हा मॅडमनी पुढच्या तुकडीत दोन जागा विनाशुल्क ठेवण्याचे मान्य केले. ती तुकडी येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सुरू होते आहे. आमच्या अतिदक्षता विभागातील एक नवी सिस्टर आणि बावीस वर्षे तिथेच काम केलेल्या एक मावशी अशी दोन नावे मी कळवली आहेत. त्या सहाही रविवारच्या त्यांच्या दुपारच्या ड्युटी मी सकाळच्या करून घेतल्या आहेत.